सड्यावर स्पायरोगायरा गोळा करायला निघण्याआधी

बाटल्या, चहाची गाळणी, रेनकोट, डबा हे घ्यालच. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, आणि ओल्या जांभ्यावर पाय घसरतो, हे मी सांगून काही उपयोग नाही.

स्पायरोगायरा हे धाग्याधाग्यांचं हिरवं शेवाळ; ते बीजाणू धरलेलं आणायचं, हे मात्र सांगतो. मागच्या वेळी मी जुलैत गेलो. डबकी तुडुंब, शेवाळ पोपटी, रेशमी, बोटांतून सुळकन निसटणारं. हरखून पाच बाटल्या भरल्या, सगळ्यांत फॉर्मलिन (नमुना टिकवायचं रसायन) ओतलं, आणि घरी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तर एकूणएक धागा कोरा. झायगोस्पोर, म्हणजे दोन पेशी एक होऊन बनणारा बीजाणू, नाही म्हणजे जातीचं नाव नाही. पेशीची रुंदी, हरितलवकाच्या पट्ट्या किती, आडव्या भिंती सपाट की दुमडलेल्या, एवढ्यावर यादी आखूड होते, पण घोडं पुढे जात नाही. रंधावांचा १९५९ सालचा झिग्नेमेसीवरचा, म्हणजे स्पायरोगायराच्या कुळावरचा, ग्रंथ उघडा. जात ओळखायच्या किल्लीतला प्रश्न फिरून फिरून झायगोस्पोरवरच येतो: आकार कसा, रंग कोणता, मधल्या भित्तिकेवर खळगे आहेत, जाळी आहे, की ती गुळगुळीत आहे.

तेव्हा पाऊस ओसरू द्या. डबकी आटायला लागली की संयुग्मन, म्हणजे पेशींचं मिलन, सापडण्याची शक्यता वाढते. आणि तिथे गेल्यावर देखणा पुंजका सोडून द्या. काठाला अडकलेला, पिवळट-तपकिरी, कुजल्यासारखा दिसणारा उचला. फोल्डस्कोप (घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक) किंवा लहान सूक्ष्मदर्शक बरोबर न्या आणि बाटलीत भरण्याआधी, हो, आधी, एक चिमूट तिथेच पाहा. दोन धागे शिडीसारखे जोडलेले, एकाच्या पेशी रिकाम्या आणि दुसऱ्यात अंड्यासारखे तपकिरी गोळे, असं दिसलं की भरा. एकाच धाग्यातल्या शेजारच्या पेशींतही संयुग्मन होतं, म्हणून शिडी दिसली नाही तर लगेच फेकू नका. गोळे अजून हिरवे असतील तर कच्चे आहेत. भित्तिकेवरची नक्षी पिकल्यावरच नीट दिसते. थोडं शेवाळ त्याच डबक्याच्या पाण्यात घरी खिडकीत ठेवून वाट बघा.

सगळं मारून टाकू नका, हेही त्याच फेरीत शिकलो. निम्मं जिवंत, निम्मं चार टक्के फॉर्मलिनमध्ये. बाजारातल्या फॉर्मलिनचा एक भाग, पाण्याचे नऊ. वास डोक्यात जातो, खिडकी उघडी ठेवा. जिवंत बाटली काठोकाठ भरू नका, उन्हात तर नकोच. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, शाई विरघळते. ठिकाण, तारीख, पाण्याचं तापमान, सामू. कास किंवा तसलं राखीव पठार असेल तर परवानगी आधी.

मापं घेताना सूक्ष्मदर्शकाच्या प्रत्येक भिंगासाठी मोजपट्टी वेगळी जुळवा. वीस-तीस पेशी मोजा. एक पेशी मोजून नाव देणारे भेटतात, त्यांच्याशी वाद घालू नका. आयोडीनचा थेंब टाकला की पायरेनॉइडभोवतीचं (हरितलवकातल्या ठिपक्यांभोवतीचं) पिष्ट काळं-निळं होतं, मोजायला सोपं. त्याआधी साधा फोटो काढा.

नाव जुळलं की अल्गीबेसवर, म्हणजे शेवाळांच्या नावांच्या ऑनलाइन कोशात, सध्याचं नाव तपासा. 'दुर्मिळ' लिहायची घाई नको. आपल्याकडे ही डबकी पाहिलीयत कोणी? नवीन जात वाटली तर चित्र लागतं (१९५८पासून सक्तीचं), वर्णन लॅटिन किंवा इंग्रजीत, नमुना हर्बेरियममध्ये (वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहात) जमा. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे. डीएनएसाठी वेगळी कुपी, फॉर्मलिन न लावलेली. बाकी तिथले लोक सांगतील.

आणि बाटली बंद करण्याआधी पुन्हा एकदा पाहा, तपकिरी गोळे आहेत ना.