नवं प्रॉडक्ट शून्यातून उभारताय? मग या चुका टाळा

इंदुरात कुणाला तोंडावर ‘नको’ म्हणणं जड जातं. सियागंजातल्या पेढीवर जा, नाहीतर रामबागेतल्या एखाद्या घरगुती मेसमध्ये. चहा येतो, तुमची कल्पना नीट ऐकून घेतली जाते आणि ‘छान आहे, करा, आम्ही नक्की घेऊ’ असं आपुलकीनं सांगितलंही जातं. नवा प्रॉडक्ट मॅनेजर वहीत ‘मागणी आहे’ असं टिपतो आणि डेव्हलपरना कामाला लावतो. पाच-सहा महिन्यांनी ॲप तयार होतं, तेव्हा तीच माणसं फोन उचलत नाहीत. त्यांनी फसवलेलं नसतं, आपला प्रश्नच चुकलेला असतो.

नवी कल्पना तपासताना एवढंच पाहायचं असतं, की समोरचा तिच्यासाठी काय सोडायला तयार आहे: पैसा, वेळ की हाताला बसलेली सवय. माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुका हे न पाहिल्यानेच होतात.

‘वापराल का?’ असं विचारणं

एक उदाहरण घेऊ. भंवरकुआं भागात कोचिंगसाठी आलेली हजारो मुलं राहतात आणि त्यांना डबे पुरवणाऱ्या मेस आजूबाजूला आहेत. ‘आज डबा नको’ हे मुलांनी एका बटणावर कळवायचं, म्हणजे अन्न वाया जाणार नाही, ही कल्पना कुणालाही पटेल. मेसवाल्या काकूंना विचारलंत, ‘असं ॲप वापराल का?’, तर उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी झालेल्या गोष्टीबद्दल विचारा.

‘काकू, काल किती डबे उरले?’

‘सहा-सात असतील.’

‘मग त्यांचं काय केलंत?’

‘काय करणार? सकाळी पोळ्या फोडणीला टाकल्या. पोरांना नाश्त्याला आवडतात.’

या एका उत्तरात पुष्कळ काही आहे. ज्याला आपण नासाडी समजत होतो, त्याची सोय काकूंनी कधीच लावलेली आहे. पुढे विचारत गेलात तर आणखी एक गाठ सापडते: मुलं महिन्याचे पैसे ठरवून देतात. न कळवता डबा टाळला तर काकूंचं फारसं नुकसान नाही. आधी कळवून टाळला तर मात्र खाडे वजा करावे लागतात. म्हणजे तुमचं बटण मुलांचे पैसे वाचवणार आणि काकूंचं उत्पन्न घटवणार, आणि तुम्ही वर्गणी मागणार काकूंकडेच. हा गुंता कुठल्याही सर्व्हेच्या फॉर्ममध्ये दिसत नाही.

स्वयंपाकघरात थोडं थांबलात तर फ्रिजच्या बाजूला टांगलेलं कॅलेंडर दिसेल. पुढच्या बाजूला तारखांच्या चौकोनांत खाडे. पान उलटलं की मागे पेन्सिलीनं खोली नंबर आणि पुढे रक्कम: कुणाचे किती बाकी. काही नोंदींवर आडवी रेघ. ती मुलं पैसे न देता हॉस्टेल बदलून गेलेली. काकूंचं खरं दुखणं मागच्या पानावर आहे. तिथे त्यांनी आजवर काय काय करून पाहिलं ते जरूर विचारा. अनामत घेतली, मुलांच्या वडिलांना फोन केले, कुणाला तरी वसुलीला पाठवलं, असं काही निघालं तर समजा की त्रास खरा आहे. काहीच केलेलं नसेल तर तो त्रास निभावून नेण्याइतकाच आहे.

हाताने चालवून न पाहता थेट ॲप बांधणं

१९९९ मध्ये अमेरिकेत निक स्विनमर्न यांनी झॅपोस हे बुटांचं ऑनलाइन दुकान सुरू करण्याआधी गोदाम भरलं नाही. जवळच्या दुकानांतल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानात जाऊन बूट विकत घ्यायचे आणि पाठवायचे. या धंद्यात नफा नव्हता, पण लोक पायात न घालता बूट विकत घेतात का, या प्रश्नाचं उत्तर होतं.

आपल्या उदाहरणात, म्हणजे मेसच्या बाकी वसुलीत, हे काम आणखी सोपं आहे. दहा मेस निवडा. महिन्याच्या एक तारखेला तुमच्यातल्याच कुणीतरी मुलांना व्हॉट्सॲपवर रक्कम आणि यूपीआयचा क्यूआर पाठवावा, पाच तारखेला आठवण करावी, हिशेब साध्या शीटमध्ये ठेवावा. कोडची एक ओळही नको. फक्त पहिल्या महिन्यापासून मेसकडून पैसे घ्या, अगदी ९९ रुपये का असेनात. ‘पहिले तीन महिने फुकट’ ही या टप्प्यावरची सर्वांत महाग चूक आहे, कारण फुकटात घेतलेल्या होकारावरून काहीच कळत नाही आणि तुमचे तीन महिने जातात.

पाच माणसांचा नियम भलत्या ठिकाणी लावणं

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलं, की पाच जणांसोबत चाचणी केली तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. हे स्क्रीनबद्दल आहे: बटण दिसतं का, पायरी कळते का. पाच जणांना स्क्रीन कळली यावरून बाजारात मागणी आहे असं ठरवता येत नाही. मीटिंगमध्ये हा आकडा पुढे आला की तिथल्या तिथे थांबवा.

डाउनलोड मोजून खूश होणं

पहिल्या आठवड्यात आलेल्यांपैकी चौथ्या आणि आठव्या आठवड्यात किती उरले, ते पाहा. या आकड्यांच्या आलेखाची रेघ कुठेतरी आडवी होत असेल तर आशा आहे. शून्याकडेच घसरत असेल तर नवी फीचर टाकून ती वळणार नाही. इथे एक स्थानिक खबरदारी घ्या. नीटची परीक्षा सहसा मे महिन्यात होते, त्यानंतर खोल्या रिकाम्या होतात. दिवाळीतही मुलं गावी जातात. तेव्हा वापर घटला तर त्याच मेसचे डबे किती घटले ते शेजारी ठेवून बघा. डबे तेवढेच असून वापर कमी झाला, तर दोष तुमच्याकडे आहे.

स्टार्टअपच्या वाढीवर काम करणारे शॉन एलिस यांची पद्धतही उपयोगी आहे: ‘उद्यापासून हे बंद झालं तर?’ ४० टक्के किंवा त्याहून जास्त लोक ‘फार वाईट वाटेल’ म्हणाले तर ते चांगलं लक्षण मानतात. पण हे ज्यांनी खरंच चार वेळा वापरलंय त्यांनाच विचारा.

परवानग्या शेवटी आठवणं

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक डेव्हलपर खातं उघडलं असेल, तर प्ले स्टोअरवर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस ‘क्लोज्ड टेस्टिंग’, म्हणजे निवडक लोकांपुरती चाचणी, लागते. धंद्याचे एसएमएस पाठवायचे तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी या नोंदणी यंत्रणेवर नाव आणि मजकूर नोंदवावा लागतो. मुलांचे फोन नंबर जमवताय, तेव्हा २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातली संमतीची तरतूदही वाचून घ्या.

निकाल लागल्यावर निकष ठरवणं

चाचणी सुरू होण्याआधी कागदावर लिहा: ‘दहापैकी सहा मेसनी दुसऱ्या महिन्याचे पैसे न मागता दिले तर पुढे जाऊ, तिघांहून कमी जणांनी दिले तर हा मार्ग सोडू.’ तारीख घाला आणि प्रत संस्थापकांकडे द्या. नाहीतर दोन मेसनी पैसे दिले तरी ‘सुरुवात चांगली आहे’ असं म्हणणारं कुणीतरी निघतंच. आकडा मधेच अडकला, चार-पाचांवर, तर ज्यांनी पैसे दिले नाहीत त्यांच्याकडे आधी जा आणि आता वसुली कशी करता ते विचारा. त्या परत कॅलेंडरच्या मागच्या पानाकडे वळल्या असतील, तर ते पान तुमच्या शीटपेक्षा कुठे सोयीचं पडतं ते त्यांच्या शेजारी बसून बघा, आणि पुढच्या महिन्याच्या चाचणीत तेवढंच बदला.