कंपनीतल्या माणसांचे रस्त्यावरचे अपघात कमी करायचे असतील तर आधी शिफ्टचं घड्याळ बघा

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सेफ्टी बघतो. प्रेसवर हात जाऊ नये म्हणून आमच्याकडे लाइट कर्टन आहे, म्हणजे हात मधे आला की मशीन थांबवणारा प्रकाशाचा पडदा, दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय स्ट्रोक पडत नाही, गॉगल नसेल तर लाइनवर सोडत नाहीत. आणि हीच पोरं शिफ्ट सुटली की हेल्मेट हँडलला अडकवून तळेगाव चौकाच्या दिशेने सुटतात, कंटेनर आणि डंपरच्या मधल्या फटीतून. हे रोज बघून जीव खालीवर होतो म्हणून हे सगळं लिहितोय, ज्यांच्याकडे कंपनीत सेफ्टी, एचआर, अॅडमिन किंवा ट्रान्सपोर्ट आहे त्यांच्यासाठी.

आधी एक केस सांगतो. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे कॉन्ट्रॅक्टवरचा एक मुलगा होता, तेविशीतला. सेकंड शिफ्ट संपली, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला त्याच्या जागी येणारा, आलाच नाही, सुपरवायझर म्हणाला आजच्या दिवस थांब रे, मग थर्डपण त्यानेच केली आणि सकाळी ७ ला बाइक काढून राजगुरुनगरकडे निघाला आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रकला मागून धडकला. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं, पाय मात्र कायमचा अधू झाला. रिपोर्टमध्ये कारण काय लिहिलं तर "निष्काळजीपणे वाहन चालवणे". तो सलग १६ तास मशीनवर उभा होता ही गोष्ट त्या कागदावर कुठेच आली नाही आणि त्या कागदावर माझीपण सही आहे. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की यातले बरेचसे अपघात रस्त्यावर होतात पण ठरतात कंपनीत, शिफ्टच्या चार्टवर, लेट मार्कच्या नियमात, ट्रिपच्या रेटमध्ये. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

पहिलं काम, नोंद

कुठल्या माणसाला कुठे लागलं हे बहुतेक कंपन्यांना माहीतच नसतं, कारण गेटबाहेरचं कुणी लिहितच नाही. एक साधी वही घाला. ईएसआयच्या (सरकारी कामगार विम्याच्या) रजा, मेडिक्लेम, बस कॉन्ट्रॅक्टरचे गाडी ठोकल्याचे निरोप, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टपरीवरच्या गप्पा, "काल थोडक्यात वाचलो" वाल्या. तारीख, वेळ, जागा, कशावर होता, आणि शिफ्टला येताना की जाताना, एवढं लिहिलं तरी पुरे. कॉन्ट्रॅक्टची माणसं यात धरायचीच, त्यांना वगळलं तर अर्धं चित्र गायब होतं. मग भिंतीवर नकाशा लावून टाचण्या टोचा. आमच्याकडे दोन महिन्यांतच दिसलं की टाचण्या दोन जागी गोळा होतायत आणि वेळ एकच आहे, शिफ्ट बदलतानाचा अर्धा तास.

टू व्हीलरकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यात जवळपास ४५ टक्के टू व्हीलरवरची. आपला कामगार बाइकवरच येतो.

मॅनेजमेंटला कसं पटवायचं

"गेटबाहेर काय झालं त्याच्याशी आमचा संबंध नाही" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणारच. त्याला उत्तर आहे. ईएसआयच्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने ५१ ई कलम आलं, घरून कामावर येताना किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात वेळ, जागा आणि परिस्थितीचा नोकरीशी संबंध दिसला तर कामावरचाच धरायचा, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तेच आहे. आणि जे ईएसआयमध्ये नाहीत त्यांच्या भरपाईच्या जुन्या, १९२३ च्या कायद्यालाही सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये हाच अर्थ लावला. ती केस आपल्या महाराष्ट्रातलीच, साखर कारखान्याचा वॉचमन २००३ साली पहाटे ३ च्या ड्युटीला मोटरसायकलवर निघाला होता आणि कारखान्यापासून ५ किलोमीटरवर अपघातात गेला, त्याच्या घरच्यांना निकाल मिळायला २२ वर्षं लागली. हा निकाल छापून मीटिंगला न्या, मी नेला होता, त्यानंतर चर्चा वेगळी झाली.

आता घड्याळ

झोप हा विषय मी सगळ्यात वर ठेवतो. सलग १७ तास जागा असलेला माणूस साधारण तेवढाच ढिला होतो जेवढा रक्तात ०.०५ टक्के दारू असताना होतो. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ०.०३ आहे, म्हणजे १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम. म्हणजे डबल शिफ्ट करून सुटलेल्या पोराला तुम्ही दारूच्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत बाइकवर बसवताय, फक्त ते कुठल्या मशीनवर दिसत नाही. म्हणून एक नियम लेखी करा, ज्याने डबल केली त्याने स्वतःची गाडी घेऊन जायचं नाही, कंपनी सोडेल, त्याची बाइक पार्किंगला राहील. कॅबचे पैसे ज्या डिपार्टमेंटने थांबवलं त्याच्या बजेटमधून कापा, कारण पैसे दुसऱ्याच्या खिशातून जातात तोवर रिलीव्हर शोधायची घाई कुणालाच नसते. रात्री २ ते पहाटे ५ च्या मधे कुणालाही घरी सोडायचं नाही, रेस्ट रूममध्ये पडू दे दोन तास.

दुसरं म्हणजे लेट मार्क. तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापला, किंवा एका लेटला अख्खा अटेंडन्स बोनस गेला, तर पोरगा शेवटच्या ५ मिनिटांत काय करणार, राँग साइडने घुसणार, दुसरं काय करेल तो. पुणे-नाशिक रस्त्यावर जाम किती लागेल हे त्याच्या हातात नाही. १५ मिनिटांची सूट द्या, आणि धो धो पाऊस असेल त्या दिवशी सकाळीच ग्रुपवर मेसेज टाका की आज अर्धा तास उशीर चालेल, सावकाश या. आमच्या प्रॉडक्शनवाल्यांना भीती होती की सगळेच उशिरा येतील. तसं झालं नाही, येणारे त्याच वेळेला येतात, फक्त मरणाची घाई करत नाहीत. शेजारच्या कंपन्यांशी बोलून शिफ्ट सुटायच्या वेळा २०-२० मिनिटांनी पुढेमागे करता आल्या तर फारच उत्तम.

बाइकवाल्यांसाठी गेटवर

हेल्मेट आत येताना चेक करतात पण जाताना कुणी बघत नाही, आणि थकलेला माणूस जातानाच जास्त पडतो. दोन्ही वेळेला बघा, मागे बसणाऱ्याचंपण. आयएसआय मार्क म्हणजे आयएस ४१५१ लिहिलेलंच हेल्मेट, रस्त्यावरची टोपी नको, आणि पट्टा लावलेला हवा, पट्टा नसेल तर धडकेत हेल्मेट आधी उडतं आणि डोकं नंतर आपटतं. चांगलं हेल्मेट जीव जाण्याचा धोका साधारण ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला मार लागण्याचा धोका ६९ टक्क्यांनी कमी करतं असं बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो. कंपनीने एकदा चांगली हेल्मेटं वाटावीत आणि ठेवायला रॅक द्यावा, नुसता दंड लावून काही होत नाही.

महिन्यातून एकदा पार्किंगमध्ये मेकॅनिक बोलवा. टेल लाइट, ब्रेक लाइट, चेन, ब्रेकची पकड, टायर. टायरच्या खाचेत टीडब्ल्यूआयची छोटी उंचवटी असते, रबर झिजून तिच्या लेव्हलला आलं की टायर गेला. हे जूनच्या आधी करा, कारण पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं आणि गुळगुळीत टायर सरळ झोपतो.

मोबाइलचं मात्र जरा नीट ऐका. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, २ सेकंद स्क्रीन बघितली की ३३ मीटर डोळे मिटून गेल्यासारखं. हे आम्ही पोस्टर लावून सांगितलं, भाषणं दिली, काही फरक नाही. मग लक्षात आलं की फोन उचलणारा रस्त्यावर असतो पण लावणारा ऑफिसात असतो, "कुठे पोचलास" विचारणारा सुपरवायझर, डिस्पॅचवाला, कधीकधी मीच. तेव्हा नियम उलटा केला, गाडीवर असलेल्या माणसाला फोन करायचा नाही, केला आणि तो म्हणाला चालवतोय तर लगेच ठेवायचा, आणि फोन उचलला नाही म्हणून कुणाला बोलायचं नाही. हा नियम प्लांट हेडने स्वतः पाळला तरच खाली उतरतो.

कंपनीची बस आणि कॅब

कॉन्ट्रॅक्टरला ट्रिपवर पैसे देत असाल तर तुम्ही त्याला पळवायचे पैसे देताय, महिन्याचा ठरलेला रेट करा. ड्रायव्हर तुमची ट्रिप मारून मधे दुसऱ्या कंपनीची मारतो का आणि रात्री लग्नाची भाडी करतो का ते विचारा, प्रेमाने विचारलं तर सांगतात. मोटर ट्रान्सपोर्ट कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती, हेच कॉन्ट्रॅक्टमध्ये घाला आणि ड्रायव्हरसाठी पंख्याची, गादीची खोली द्या, नाहीतर तो दुपारच्या उन्हात बसमध्येच पडतो आणि झोप काही लागत नाही. लायसन्स कॉन्ट्रॅक्टरच्या झेरॉक्सवर बघू नका, एमपरिवहन अॅपवर बघा. डोळ्यांची तपासणी वर्षाला.

गाडीत मागचं दार आतून उघडतं का हे स्वतः बसून बघा. मार्च २०२५ मध्ये हिंजवडीत कर्मचाऱ्यांच्या टेम्पो ट्रॅव्हलरला आग लागली आणि मागे बसलेल्या चौघांना मागचं दार उघडता आलं नाही, चौघंही गेले. आग कशी लागली तो पोलीस तपासाचा भाग, पण दार हा आपला भाग आहे. काच फोडायची हातोडी, आगीचं सिलिंडर, सीटबेल्ट, आणि सामान दारापुढे रचलेलं नको.

स्टॉपपण बघा. हायवेच्या पलीकडे स्टॉप असेल तर सकाळी ६ च्या अंधारात तुमची माणसं डिव्हायडर ओलांडतायत. बसला यू टर्न घ्यायला लावा, १० मिनिटं जातील.

ट्रक आणि गेटबाहेरची रांग

माल घेऊन आलेले ट्रक आत जागा नाही म्हणून रस्त्याकडेला उभे राहतात, रात्री पार्किंग लाइट बंद, मागे रिफ्लेक्टरवर चिखल. त्या मुलाची बाइक अशाच एका ट्रकला धडकली होती. हा ट्रक आपला नाही असं म्हणू नका, तो आपल्या गेटपासच्या रांगेत आहे. व्हेंडरला वेळेचा स्लॉट द्या, आत यार्ड करा, नाहीच जमलं तर बॅरिकेड, लाइट आणि एक माणूस तरी ठेवा. यार्डात रिव्हर्स घेताना मागे क्लीनर उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडतो तो ड्रायव्हरला आरशात दिसलाच पाहिजे, दिसेनासा झाला की गाडी थांबली पाहिजे, हे ड्रायव्हरला गेटवरच सांगा.

डिझेलचा अॅव्हरेज काढून ड्रायव्हरला बक्षीस देत असाल तर ते बंद करा, कारण मग उतारावर गाडी न्यूट्रल होते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार सगळ्यांना माहीत आहे, तिथे न्यूट्रलवर सोडलेल्या जड गाडीला इंजिनचा धरच राहत नाही, सगळा भार ब्रेकवर, ब्रेक तापले की संपलं. ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचं हे जुने ड्रायव्हर सांगतात ते खरंच आहे.

सेल्स आणि सर्व्हिसवाले

कोल्हापूरला सकाळची मीटिंग आणि रात्री परत, हे प्लॅन करणाऱ्याला थांबवा. रात्री १० नंतर गाडी चालवायची नाही, हॉटेलचं बिल न विचारता पास होईल, एवढं एक वाक्य पॉलिसीत आलं तरी खूप. साखरेच्या सीझनमध्ये तर जास्तच, अंधारात ट्रॅक्टरच्या मागे उसाच्या दोन ट्रॉल्या, ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस बाहेर लोंबतोय, हेडलाइटमध्ये दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. समृद्धीवर उलटं, ७०१ किलोमीटर सरळ रस्ता, एका लयीत डोळा लागतो, दर दोन तासांनी उतरून चालायला सांगा.

झालाच अपघात तर

प्रत्येकाच्या आयकार्डच्या मागे रक्तगट, घरचा नंबर, आणि १०८ अॅम्ब्युलन्स, ११२ पोलीस, नॅशनल हायवेवर १०३३ हे छापा. माणसांना सांगून ठेवा की जखमीला उचललं म्हणून पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, मोटर व्हेइकल कायद्यात १३४ ए कलम त्यासाठीच आहे. आणि मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये ७ दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार मिळतात, हे एचआरच्या ज्या माणसाचा फोन रात्री चालू असतो त्याला पाठ पाहिजे, कारण डिपॉझिटसाठी धावपळ करण्यातच पहिला तास जातो.

चौकशीचा फॉर्म बदला. मागच्या २४ तासांत झोप किती, शिफ्ट किती वाजता लागली आणि किती वाजता सुटली, कुणी थांबवलं होतं, त्या वेळी फोन आला होता का आणि कुणाचा, या महिन्यात लेट मार्क किती. हे रकाने सगळ्यात वर घ्या, गाडी नंबरच्या आणि लायसन्सच्या आधी.