वेगाचा तालांव: गन वेग कसा मोजते आणि मोजणी कशी तपासावी

वेगमर्यादा मोडल्याचा तालांव (दंडाचे चलन) आला की आधी एक गोष्ट शोधा: मोजणी रडारने केली की लेझरने? दोन्हींना लोक ‘स्पीड गन’च म्हणतात, पण त्यांच्या चुका वेगवेगळ्या असतात.

रडार गन रेडिओ लहरी सोडते आणि वाहनावरून परतलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली यावरून वेग काढते. 24.15 गिगाहर्ट्झच्या गनमध्ये वेग ताशी 1 किलोमीटरने वाढला की हा फरक सुमारे 45 हर्ट्झने वाढतो. अडचण झोताची आहे. 12 अंशांचा झोत 100 मीटरवर 21 मीटर रुंद होतो. गोव्यातल्या वेर्ण्याच्या चौपदरी रस्त्यावर कदंब बस आणि स्कूटर शेजारी शेजारी असतील, तर आकडा कोणाचा हे गन सांगू शकत नाही. म्हणून पोलिसाने आधी नजरेने वाहन हेरायचे, वेगाचा अंदाज बांधायचा, आणि झोतात ते एकटे असेल तेव्हाच आकडा धरायचा.

लेझर गन प्रकाशाची शेकडो स्पंदने पाठवते आणि प्रत्येकाच्या परतीच्या वेळेवरून अंतर मोजते. साधारण 0.3 सेकंदात हे अंतर किती घटले, यावरून वेग निघतो. झोत 3 मिलीरेडियनचा (मिलीरेडियन हे कोनाचे छोटे एकक) असेल तर 300 मीटरवर तो जेमतेम 90 सेंटीमीटर पसरतो, त्यामुळे वाहन नेमके टिपता येते. नेम नंबरप्लेटवर धरायचा आणि तिथेच ठेवायचा. हात हलून झोत काचेवरून घसरत प्लेटवर आला, तर तेवढ्या वेळात दीड मीटर अंतर उगाच कमी झालेले दिसते, म्हणजे ताशी 18 किलोमीटरची खोटी भर! चांगले यंत्र अशी विसंगत मोजणी रद्द करते, तरीही तिपाई वापरलेली केव्हाही बरी. पावसाळ्यात मुसळधार सरीत थेंबांवरून प्रकाश विखुरतो आणि पल्ला घटतो. अशा वेळी जवळचे अंतर निवडावे किंवा मोजणी थांबवावी.

पोलिसांनी पाळीच्या सुरुवातीला गनची स्वयंचाचणी घ्यावी. रडारसाठी ठरावीक वारंवारतेचा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) वाजवून समोर धरून योग्य आकडा येतो का ते पाहावे. लेझरचे अंतर टेपने मोजलेल्या अंतराशी ताडावे. मग एकट्या खांबावरून नेम आडवा-उभा फिरवून गनच्या दुर्बिणीतली नेमाची खूण आणि झोत एकाच जागी पडतात का, हे तपासावे. ही शेवटची तपासणी वगळली तर आकडा अचूक, पण दुसऱ्याच गाडीचा, असे होऊ शकते.

“पोलीस कडेला तिरके उभे होते, म्हणून वेग जास्त दिसला” हा बचाव टिकत नाही. स्थिर गन तिरकी असली की वेग कमीच दिसतो: ताशी 80 चा वेग 10 अंशांवर 78.8, तर 20 अंशांवर 75.2. धावत्या इंटरसेप्टरमधील, म्हणजे पोलिसांच्या गस्तीच्या गाडीतील, रडारची गोष्ट वेगळी. त्याने स्वतःचा वेग कमी मोजला, तर समोरून येणाऱ्याचा वेग वाढून दिसतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम 167अ नुसार अशा यंत्राला मान्यता प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवायची असते. तिच्यात नंबरप्लेट दिसणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवे. ते सगळे एकेक करून पाहा. छायाचित्रातील जागेवर मर्यादेचा फलक कोणता आहे, हे स्वतः जाऊन बघा. वेळेची नोंद असलेली दोन छायाचित्रे मिळाली, तर त्यांतल्या दोन ठळक खुणांमधले अंतर मोजा: 1 सेकंदात 20 मीटर म्हणजे ताशी 72.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली हलक्या वाहनाला 1000 ते 2000 रुपये दंड आहे. मध्यम व अवजड प्रवासी किंवा मालवाहू वाहनांना तो 2000 ते 4000 रुपये आहे. पुन्हा सापडल्यास परवाना जप्त होतो.

भाड्याने गाड्या देणाऱ्यांनी करारात परवाना क्रमांक आणि गाडी दिल्या-घेतल्याची वेळ नोंदवावीच. नोटीस मालकाच्या नावे येते, आणि पोलिसांनी विचारल्यावर चालकाची माहिती देणे कलम 133 खाली मालकावर बंधनकारक आहे.