शाळेत जर्मनची टेस्ट घ्यायचीय? आधी मुलांना बोलतं करा

पेपरात ९० पडतात आणि खरा जर्मन माणूस समोर आला की 'गुटन टाग'च्या पुढे गाडी सरकत नाही, अशी मुलं पुण्यात ढिगाने सापडतील. यात मुलांचा काय दोष, आपणच वर्षभर रिकाम्या जागा भरा विचारत बसतो.

तर आधी लेव्हल ठरवा. युरोपात भाषेच्या ए१ (सगळ्यात सोपी) ते सी२ अशा सहा लेव्हल आहेत, शाळेत नुकतं शिकायला लागलेल्यांना ए१ बास. गोएथे इन्स्टिट्यूटची, म्हणजे आपल्या मॅक्स म्युलर भवनाची, मुलांसाठी ए१ची 'फिट इन डॉइच' परीक्षा असते, तिचे नमुना पेपर नेटवर फुकट मिळतात ते उतरवून घ्या. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग आणि पासिंग ६० टक्क्यांना. आपली टेस्टही याच साच्यात बसवायची.

ऐकण्यासाठी मोबाईल आणि बरा स्पीकर पुरतो, क्लिप दोनदा लावा. त्यात आकडे हवेतच, कारण खरी गंमत तिथेच होते. 'ड्रायउंडफ्युन्फझिश' म्हणजे तीन आणि पन्नास, आपल्या त्रेपन्नसारखंच आधी तीन, पण मुलं इंग्लिशमध्ये विचार करतात आणि ३५ लिहून मोकळी होतात! टेस्टच्या आधी एकदा मराठी आकड्यांची आठवण करून द्या.

वाचायला छोट्या जाहिराती किंवा चिठ्ठ्या द्या. लिहायला मित्राच्या ईमेलला तीसेक शब्दांचं उत्तर, आणि तिथे डेर-डी-दास (नामाआधी लागणारे, लिंग दाखवणारे शब्द) चुकलं म्हणून लगेच मार्क कापू नका, मुद्दा पोचला का ते आधी बघा.

आता बोलणं, जे सगळेच टाळतात, वेळ नाही म्हणून. ४० मुलांच्या वीस जोड्या, जोडीला चार मिनिटं, म्हणजे ८० मिनिटं, येण्याजाण्याचा गोंधळ धरून तीन तासिका समजा, तेवढ्यात बाकीचे वर्गात लेखी पेपर सोडवतील. आधी प्रत्येकाने स्वतःची ओळख सांगायची, मग एकेक कार्ड उचलायचं. कार्डावर 'नाश्ता' आला तर जोडीदाराला विचारायचं, नाश्त्याला काय खातोस, आणि त्याने 'इश एस्से पोहे' म्हटलं तर पूर्ण मार्क, पोह्यांना जर्मन शब्द शोधत बसायची गरज नाही. पाठ केलेली ओळख घडाघडा म्हणणारा मध्येच ओळखू येतो, त्याला नावाचं स्पेलिंग विचारा, अडखळतोच.

मार्क देताना तीनच खाने ठेवा: समजलं का, उत्तर दिलं का, समोरच्याला कळलं का. उच्चारांवर फार अडून बसू नका, 'उमलाउट' (डोक्यावर दोन टिंबं असलेले स्वर) आपलेही कुठे धड येतात 😄

शेवटी नुसता आकडा हातात देऊ नका, 'वेळ सांगताना अडतेस' असं एखादं वाक्य लिहून द्या आणि तीच कार्डं जपून ठेवा, मार्चमध्ये परत काढायचीत.