मगर फार्म खरंच संवर्धन करतो का, हे कसं तपासावं

थायलंडच्या फार्मवर सयामी मगरी लाखोंच्या संख्येने आहेत. जंगलात मात्र, सगळे देश धरून, या जातीची हजारभर प्रौढ जनावरंसुद्धा उरलेली नाहीत आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात 1962 मध्ये ॲलिगेटर या मगरीच्या भाऊबंदाची शिकार बंद करावी लागली होती. आज तिथल्या पाणथळीत ते लाखोंनी आहेत, आणि फार्मही जोरात चालतात. कातडं दोन्हीकडे विकलं जातं. फरक पडतो तो फार्म आणि जंगल यांच्यातल्या देवाणघेवाणीमुळे.

म्हणून एखादा फार्म संवर्धनाचं नाव घेत असेल तर दोन गोष्टी तपासायच्या आणि त्या वेगळ्या ठेवायच्या: जंगलातल्या मगरींना त्याचा उपयोग काय, आणि फार्मवरच्या जनावरांना वागवतात कसं. एकीकडचं पुण्य दुसरीकडच्या खात्यात जमा करू नये. नदीसाठी पैसे देणारा फार्म जनावरांचे हाल करत असू शकतो. आणि जनावरं उत्तम ठेवणाऱ्या फार्मचा नदीशी काडीचाही संबंध नसू शकतो.

अंडं आलं कुठून?

पहिला प्रश्न हाच. फार्म मुख्यतः दोन प्रकारचे. एका प्रकारात जंगलातल्या घरट्यांतून अंडी किंवा पिल्लं आणून वाढवतात. याला रँचिंग म्हणतात. दुसऱ्यात फार्मवरच नर-माद्या ठेवून पैदास करतात.

जंगलातून अंडी उचलणं ऐकायला वाईट वाटतं, पण संवर्धनाच्या दृष्टीने बहुतेक वेळा हीच पद्धत जास्त कामाची. खाऱ्या पाण्यातल्या मगरीची मादी एका वेळी साधारण 50 अंडी घालते. त्यांतली बरीचशी पुरात बुडून मरतात. जी पिल्लं बाहेर पडतात त्यांना मासे, पक्षी, घोरपडी आणि मोठ्या मगरी खातात. शंभरातलं एखादंच प्रौढ होतं. त्यामुळे हिशेबाने अंडी काढली तर जंगलातली संख्या घटत नाही. अंडी घालणारी मादी मारली तर मात्र लगेच घटते. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत 1971 मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा सुमारे 3,000 मगरी उरल्या होत्या. 1980 च्या दशकात अंडी गोळा करणं सुरू झालं, ते अजून चालू आहे, आणि आज तिथे साधारण 1 लाख मगरी आहेत.

यातला कळीचा भाग पैशाचा. मगर हा माणसाला खाऊ शकणारा प्राणी. ज्याच्या जमिनीवर ती घरटं करते त्याला तिचा त्रासच होतो. घरट्यातल्या अंड्यांचे पैसे मिळू लागले की तीच दलदल बुजवण्यापेक्षा राखणं परवडतं. नॉर्दर्न टेरिटरीत आदिवासी जमीनमालकांना आणि लुइझियानात खासगी पाणथळीच्या मालकांना अंड्यांचा मोबदला मिळतो.

तेव्हा फार्मला विचारा: अंडी कोणाच्या जमिनीवरून येतात? करार लेखी आहे का? पैसे उचललेल्या प्रत्येक अंड्यामागे मिळतात की फक्त सफल, म्हणजे गर्भ धरलेल्या, अंड्यांमागे? आणि सफल कोणतं हे ठरवताना मालकाचा माणूस हजर असतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर मोजणीत कोणाचं नुकसान होतंय हे सांगायची गरज नाही.

फार्मवरच पैदास होत असेल तर फार्म आणि जंगल यांना जोडणारी ही पैशाची दोरी तुटलेली असते. 'आमच्या कातड्यामुळे चोरटी शिकार कमी होते' हा युक्तिवाद तिथे हमखास होतो. शिकारीवर कडक पहारा असेल तर त्यात तथ्य असू शकतं. पहारा नसेल तर कायदेशीर बाजार हा चोरट्या मालाला आडोसाच होतो.

कागद आणि गणित

आंतरराष्ट्रीय व्यापारात जाणाऱ्या प्रत्येक मगरीच्या कातड्यावर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली पुन्हा न वापरता येणारा टॅग असावा लागतो. त्यावर मूळ देशाची खूण, अनुक्रमांक आणि जातीची खूण असते. बहुधा वर्षही असतं. परवान्यावर स्रोताचं अक्षर असतं: 'डब्ल्यू' म्हणजे जंगलातलं, 'आर' म्हणजे रँचिंग, 'सी' म्हणजे बंदिवासातली पैदास, आणि 'डी' म्हणजे परिशिष्ट एकमधल्या (कराराच्या सर्वात कडक यादीतल्या) जातीची, नोंदणी झालेल्या केंद्रातली व्यापारी पैदास. सगळा माल 'सी' खाली जात असेल तर जंगलातल्या घरट्यांचे फोटो दाखवून केलेला दावा तिथेच गळून पडतो.

मग पैदाशीच्या नोंदवह्या मागा आणि हिशेब स्वतः करा. समजा, 200 माद्या आहेत. त्यांतल्या 70 टक्के त्या वर्षी घरटं करतात: 140 घरटी. प्रत्येकी 40 अंडी धरली तर 5,600. त्यांतली 80 टक्के सफल: 4,480. सफल अंड्यांपैकी 80 टक्के फुटतात: 3,584. कातडं काढण्याच्या आकारापर्यंत 85 टक्के जगतात: साधारण 3,050. हे आकडे नमुन्यादाखल आहेत. फार्मची खरी टक्केवारी त्यात घाला. असा फार्म वर्षाला 5,000 कातडी विकत असेल आणि बाहेरून पिल्लं घेतल्याची नोंद नसेल, तर उरलेली जवळजवळ 2,000 कुठून आली याचं उत्तर मिळायलाच हवं. जंगलातलं जनावर फार्मच्या नावावर खपवण्याचा प्रकार असाच उघडा पडतो. हिशेब एका वर्षाचा करू नका. पिल्लू कातड्याच्या आकाराला यायला दोन ते तीन वर्षं लागतात, म्हणून विक्री ज्या वर्षीची त्याआधी दोन-तीन वर्षांची घरटी धरा.

उबवणीच्या खोलीत

फार्मचा कारभार कसा आहे हे या खोलीत सगळ्यात लवकर कळतं. ट्रेमधली अंडी नीट बघा. प्रत्येक अंड्यावर वरच्या बाजूला पेन्सिलची खूण हवी. मगरीच्या अंड्यात पहिल्या दिवसभरातच गर्भ वरच्या कवचाला आतून चिकटतो; त्यानंतर अंडं उलटलं तर तो मरतो. म्हणून घरट्यातून काढण्याआधीच खूण करायची आणि ट्रेमध्ये ती वरच ठेवायची. सफल अंड्यावर वर एक दुधी पांढरा डाग येतो आणि दिवसागणिक पसरत जाऊन मधोमध पट्टा होतो. आठवडाभरानंतरही पट्टा नसलेली अंडी ट्रेमध्ये पडून असतील तर कोणी तपासत नाही असं समजा. सडलेल्या अंड्याची बुरशी शेजारच्या अंड्यांनाही लागते.

तापमापक अंड्यांच्या मधोमध हवा, भिंतीवर नव्हे. 32 अंशांच्या आसपास जास्त नर होतात, 30 किंवा त्याखाली जवळजवळ सगळ्या माद्या. 34 च्या वर गेलं की पिल्लं वाकड्या पाठीची निघतात किंवा कवचातच मरतात. आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर लागते. कातड्याच्या धंद्यात नर लवकर वाढतात म्हणून पसंत असतात. त्यामुळे त्याच ट्रेमधली पिल्लं पुढे नदीत सोडणार असतील तर नर-मादीचं प्रमाण आधीच विचारून घ्या.

पिल्लं आणि हौद

सकाळी, दिवा लावायच्या आधी जा. पिल्लं कोपऱ्यात एकावर एक थर करून पडली असतील तर ती थंडीने किंवा भीतीने गोळा झालेली असतात, आणि खालची गुदमरतात. लपायला पाण्यावर फळ्या किंवा पडदे हवेत. पाणी 30 ते 32 अंश. यापेक्षा गार पाण्यात खाऊ घातलं तर अन्न पोटात पचत नाही, सडतं.

एकाच वयाच्या पिल्लांत काही हातभर आणि काही वीतभर दिसली तर आकारानुसार निवड होत नाही, आणि लहानांना खाणं मिळत नाही. खालचा जबडा बोटाने दाबल्यावर रबरासारखा वाकला तर हाड नसलेलं मांस घालतात आणि कॅल्शियम देत नाहीत. नुसती गोठवलेली मासळी दिली की बी-1 जीवनसत्त्व कमी पडतं आणि पिल्लांचा तोल जातो. खवट, तेलकट मासळीने चरबी घट्ट होऊन दुखते. हे सगळं टाळता येण्यासारखं आहे, म्हणूनच दिसलं तर माफ करू नये.

मोठी जनावरं एकेकटी अरुंद खणात ठेवण्याची पद्धत आहे, कारण एकमेकांना चावली तर पोटाच्या कातड्यावर ओरखडे येतात आणि भाव पडतो. फार्म त्याला 'काळजी' म्हणतो. जखमा टळतात हे खरं. पण जनावराला अंगाएवढंही वळता येत नसेल, पाण्यात पूर्ण बुडता येत नसेल, ऊन आणि सावली यांतलं निवडता येत नसेल, तर ती काळजी कातड्याची आहे. खणाची लांबी आणि जनावराची लांबी टेपने मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.

मारण्याची पद्धत

इथे बहुतेक पाहुण्यांना नेत नाहीत. तरी पद्धत लेखी मागा. मानेमागे पाठीचा कणा तोडला की मगर हालचाल थांबवते आणि मेली असं वाटतं. ती मेलेली नसते. तिचा मेंदू थोड्याशा प्राणवायूवर बराच वेळ जागा राहतो, मुंडकं तोडल्यावरसुद्धा. नुसता कणा तोडून कातडं काढायला घेणं म्हणजे शुद्धीवर असलेल्या जनावराला सोलणं. बर्फात गार करून मारणंही तसंच क्रूर आहे.

योग्य क्रम असा: कवटीच्या वर, मेंदूच्या नेमक्या जागी बोल्ट पिस्तूल (कवटीत लोखंडी दांडा घुसवणारं) किंवा गोळी, आणि लगेच सळई घालून मेंदू नष्ट करणं. विजेच्या झटक्याने जनावर फक्त तात्पुरतं सुन्न होतं, म्हणून त्यानंतरही मेंदू नष्ट करावाच लागतो. मग डोळ्याच्या बुबुळाला हलका स्पर्श करून पाहायचं. पापणी हलली तर पुन्हा तेच करायचं. ही तपासणी कोण करतो आणि कुठे नोंदवतो, हे विचारा. नाव सांगता आलं नाही तर ती होत नाही.

परत सोडणं आणि नदीतली मोजणी

लुइझियानात फार्मवाल्यांना काही पिल्लं साधारण 1.2 मीटर लांबीची करून त्याच पाणथळीत परत सोडावी लागतात, कारण त्या आकाराला जगण्याची शक्यता बरीच वाढते. हे प्रमाण सुरुवातीला 17 टक्के होतं. जंगलातली संख्या वाढली तसं कमी केलं गेलं. सोडण्याआधी तीन गोष्टी: डीएनए, रोगतपासणी आणि माणसाची सवय. सयामी मगरींचा अनेक फार्मवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींशी संकर केला गेला, कारण संकरित पिल्लं लवकर वाढतात. कंबोडियाच्या बचाव केंद्रात 2009 मध्ये 69 मगरी तपासल्या, त्यांतल्या 35 शुद्ध निघाल्या. उरलेल्या सोडल्या असत्या तर आधीच विरळ असलेली जात आतून पुसली गेली असती. माणसाच्या हाताकडे बघून तोंड उघडणारं जनावर तर सोडूच नये. ते घाटावर येणार.

सोडलेल्या पिल्लांचा आकडाही एकटा फसवतो. भारतात 1975 पासून व्यापाराशिवाय सुसरींची अंडी उबवून हजारो पिल्लं नद्यांत सोडली गेली, तरी 2007 मध्ये सुसर अतिसंकटग्रस्त ठरली. वाळूउपसा, जाळी आणि अडवलेलं पाणी तसंच राहिलं होतं.

म्हणून शेवटी मोजणीचे कागद मागा. नदीचा तोच पट्टा, दर वर्षी त्याच हंगामात, तीच भरती-ओहोटी, रात्री होडीतून बॅटरीच्या उजेडात चमकणारे डोळे मोजलेले असावेत. नवी पिल्लं आणि मोठी जनावरं वेगळी नोंदलेली हवीत, कारण एका चांगल्या हंगामात पिल्लांनी एकूण आकडा फुगतो. मोठ्यांची संख्या सलग दोन-तीन मोजण्यांत घटली तर अंड्यांचा कोटा (जंगलातून किती अंडी उचलायची याची मर्यादा) किती कमी करायचा, हे परवान्यात लिहिलेलं आहे का आणि तो निर्णय फार्मबाहेरचं कोणी घेतं का, ते बघा. कोटा एकदाही कमी झाला असेल तर त्या वर्षीची अंड्यांची आवक नोंदवहीत ताडून पाहा.