पोर्टेनरमध्ये (डॉकरवर चालणारी ॲप्स ब्राउझरमधून सांभाळायचं साधन) स्टॅक (एकत्र चालवलेल्या कंटेनरचा गट) अपडेट केला, तरी ॲप जुनंच दिसतंय?

कंपोज फाइलमध्ये (स्टॅकमध्ये काय चालवायचं ते लिहिलेली फाइल) 'लेटेस्ट' टॅग (आवृत्तीची खूण) असेल आणि त्या नावाची इमेज (ॲपचं तयार पॅकेज) सर्व्हरवर आधीपासून असेल, तर नुसतं अपडेट दाबून नवी इमेज येत नाही.

१. स्टॅक उघडून 'एडिटर' टॅबवर जा.
२. 'अपडेट द स्टॅक' दाबा.
३. समोर येणाऱ्या चौकटीत 'री-पुल इमेज'चं बटण चालू करा, मग अपडेट करा.

माझ्या मते 'लेटेस्ट' काढून थेट आवृत्तीच लिहावी, उदाहरणार्थ १.४.२. नवी आवृत्ती बिघडली तर आकडा बदलून बहुतेक वेळा लगेच मागे येता येतं.

मात्र आधी कंटेनरच्या (इमेजवरून चालू झालेल्या ॲपच्या) पानावर तळाशी 'व्हॉल्यूम्स' (डेटा कंटेनरबाहेर टिकवणाऱ्या जागा) नक्की बघा. कंटेनर नव्याने बनतो, तेव्हा व्हॉल्यूमबाहेरचा डेटा पुसला जातो. डेटाबेस असेल तर बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.