स्वस्त शाईपेन घेताय? कोकणात तरी या चुका टाळा

शाईपेन घेताना बहुतेक जण निब बघतात. दुकानदाराकडून कागदाचा कपटा मागायचा, त्यावर आपलं नाव लिहायचं, एक झोकदार सही ठोकायची आणि "छान चालतंय" म्हणून पैसे द्यायचे. पेनात शाई कशी भरायची, ती कुठे मिळते, टोपण घट्ट बसतं का, हे प्रश्न पहिली शाई संपल्यावर पडतात. पाचशे रुपयांच्या आतल्या पेनात निब सहसा स्टीलचीच असते आणि थोडी निगा राखली तर ती लिहिते. पेन कपाटात पडून राहतं ते शाई भरण्याच्या पद्धतीमुळे. दमट हवा, घाटातली ये-जा आणि तालुक्याच्या गावातलं एखाददुसरं स्टेशनरीचं दुकान, हे सगळं धरलं तर कोकणात राहणाऱ्याने शाईची सोय आधी बघावी, निब नंतर.

गावात मिळत नाही त्या कार्ट्रिजचं पेन घेणं

ऑनलाइन मागवलेल्या पेनाबरोबर एक-दोन कार्ट्रिज, म्हणजे शाईने भरलेल्या छोट्या बंद नळ्या, येतात. त्या संपल्या की शोधाशोध सुरू. देवगड किंवा गुहागरच्या बाजारात शाईची बाटली मिळेल, तीही बहुधा रॉयल ब्लू. कार्ट्रिज मिळेलच असं नाही, आणि मिळाली तरी आपल्या पेनाला बसेल का हा पुढचा प्रश्न. पार्कर, पायलट, लॅमी, प्लॅटिनम यांच्या कार्ट्रिजची तोंडं निरनिराळी. एकाची दुसऱ्याला चालत नाही. बऱ्याच युरोपीय पेनांना 'इंटरनॅशनल स्टँडर्ड' म्हणतात ती आखूड कार्ट्रिज लागते, तिच्यात सुमारे ०.८ मिली शाई मावते. चिनी पेनांत तोंडाचा व्यास कधी २.६ मिमी, कधी ३.४ मिमी. बळेच बसवलेली कार्ट्रिज सैल राहते आणि शाई पेनाच्या पोटात जमते. ती बाहेर येते तेव्हा पेन नेमकं पांढऱ्या शर्टाच्या खिशात असतं.

म्हणून पेन घेतानाच विचारा: कन्व्हर्टर बरोबर आहे का, नसेल तर कुठला बसतो? कन्व्हर्टर म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारी, बाटलीतून शाई ओढून घेणारी छोटी पिचकारी. तोही मिळत नसेल तर रिकामी झालेली कार्ट्रिज फेकू नका. मेडिकलमधून २ मिलीची सिरिंज आणा, सुईचं टोक दगडावर घासून बोथट करा आणि तीच कार्ट्रिज धुऊन पुन्हा भरा. ६० मिलीच्या एका बाटलीत ०.८ मिलीची कार्ट्रिज ७५ वेळा भरते. तोंड सैल होईपर्यंत एकच कार्ट्रिज बरेच महिने चालते. परवडण्याचा हिशेब करायचा तर असा करावा. पेनाची किंमत त्यात फार थोडी असते.

बाटलीतली शाई आपल्याकडे अजून मिळते हे आपलं नशीब. कॅमलिनची सुरुवात १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी केली ती शाईची पावडर आणि गोळ्या विकूनच. रंगपेटी आणि कंपासपेटी नंतरची.

ड्रॉपरचं पेन घेऊन घाट चढणं

ड्रॉपरने भरायचं पेन सगळ्यात साधं. आत ना ट्यूब, ना पिस्टन. पेनाची नळी हीच टाकी. त्यात २ ते ४ मिली शाई सहज मावते, बिघडण्यासारखं काही नसतं आणि किंमतही कमी. रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याला हेच पेन घ्या असं मी सांगेन. पण ज्याला दिवसाला दोन सह्या करायच्या आहेत त्याने याच्या वाटेला जाऊ नये. कारण हे पेन भरलेलं असताना शहाणं असतं आणि अर्धं रिकामं झालं की गळायला लागतं.

गळतं ते शाईमुळे नाही, आतल्या हवेमुळे. शाई संपत जाते तशी तिची जागा हवा घेते. पेन हातात धरलं की हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि खाली असलेल्या शाईला निबमधून बाहेर ढकलते. नळीत ३ मिली हवा असेल आणि ती सात-आठ अंशांनी तापली, तर एखाददुसरा थेंब बाहेर यायला तेवढं पुरतं. निबखालच्या जिभेला ज्या बारीक चिरा असतात त्या असा जादा थेंब धरून ठेवण्यासाठीच असतात, पण स्वस्त पेनात त्या कमी आणि उथळ असतात.

आता हेच पेन खिशात लावून सावंतवाडीहून आंबोलीला जा. आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरच्या आसपास, सावंतवाडी शंभरेक मीटरवर. तीसेक किलोमीटरच्या त्या चढणीत बाहेरच्या हवेचा दाब साधारण ७ टक्क्यांनी उतरतो आणि पेनातली हवा तेवढीच फुगते. ३ मिली हवेला ०.२ मिली जास्त जागा हवी, म्हणजे चार थेंब शाई बाहेर. नळी काठोकाठ भरलेली असेल तर आत हवाच जेमतेम अर्धा मिली. तिच्या फुगण्याने एक थेंबही सुटत नाही. कार्ट्रिजमध्ये मुळातच सगळी मिळून ०.८ मिली जागा, त्यामुळे तीही घाटात फारशी त्रास देत नाही. चिपीहून विमानाने जाणाऱ्यांना हा हिशेब आणखी कडक लागू होतो, कारण विमानाच्या आतला दाब आंबोलीपेक्षा बराच कमी असतो.

तेव्हा ड्रॉपरचं पेन एक तृतीयांश उरलं की भरून टाका. प्रवासात निब वर ठेवा, म्हणजे फुगलेली हवा शाईला न ढकलता निबमधून निघून जाईल. आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. व्हॅसलिन लावायची सवय असेल तर आत रबराची रिंग नाही ना ते बघा. व्हॅसलिनने ती फुगते आणि सैल पडते. ग्रीस नसेल तर नळवाले वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप दोन वेढे घेऊन पुरते.

कार्ट्रिजच्या पेनात थेट नळीत शाई ओतून त्याचं ड्रॉपर पेन करण्याचा जुगाड हल्ली बरेच जण करतात. नळी अखंड प्लास्टिकची असेल तरच करा. तळाशी भोक असेल तर शाई मांडीवर, आणि नळी धातूची असेल तर ती आतून खराब होते.

ट्यूबच्या पेनाला घाई करणं

हिरोसारख्या चिनी पेनात धातूच्या पट्टीखाली मऊ ट्यूब असते. निबचं टोकच शाईत बुडवून भराभर चार वेळा दाबलं की ट्यूबमध्ये फेस आणि हवा भरते, मग "पेन दोन पानांत संपतं" अशी तक्रार. निब पूर्ण बुडायला हवी, वर जिथे पकड सुरू होते तिथपर्यंत. पट्टी दाबा, सोडा, पाच-सात सेकंद थांबा, मग पुन्हा दाबा. बुडबुडे यायचे थांबले की ट्यूब भरली. ती धातूची पट्टी ओढून काढायचा मोह आवरा. पिस्टनचं पेन भरायलाही हाच नियम, फक्त दाबण्याऐवजी मागचा खटका फिरवायचा.

या पेनांची एक गोष्ट मला फार आवडते. पार्कर ५१ च्या वळणावर गेलेल्या हिरो ६१६ मध्ये निब झाकलेली असते, त्यामुळे लिहिता लिहिता विचार करत बसलात तरी ती लवकर सुकत नाही.

पावसाळ्यात पेनाला नावं ठेवणं

जून उजाडला की तक्रारी येतात: शाई फुटते, मागच्या पानावर उमटते, अक्षर पसरतं. उन्हाळ्यात हेच पेन, हीच शाई, हीच वही नीट चालत होती. बदलली ती हवा. दमट हवेत कागद ओल धरतो, त्याच्या धाग्यांतून शाई पसरते आणि वाळायलाही वेळ लागतो. झेरॉक्सचा कागद यात सगळ्यात वाईट. पेन बदलण्याआधी हवाबंद पिशवीत ठेवलेल्या एखाद्या वहीच्या पानावर लिहून बघा; तिथे अक्षर स्वच्छ आलं तर पेन निर्दोष. लिहिताना मनगटाखाली टिपकागद ठेवा. घामाच्या किंवा खोबरेल तेलाच्या हाताचा ठसा कागदावर उमटला की तिथे शाई धरतच नाही, आणि आपण निबला शिव्या घालतो.

निबची जाडी निवडतानाही पावसाळा डोळ्यापुढे ठेवा. आपली लिपी दाट आहे. एम, म्हणजे मध्यम जाडीच्या, निबने 'घ' आणि 'ध' यांची पोटं भरून जातात, अनुस्वाराचा डाग होतो, 'क्ष' तर ओळखू येत नाही. देवनागरी लिहायची तर एफ, म्हणजे बारीक, निब घ्या. जपानी एफ युरोपीय एफपेक्षा बारीक असते, हेही लक्षात असू द्या. सही करायला जाड निब ठेवायची हौस असेल तर वेगळं पेन ठेवा.

चालत नाही म्हणून झटकणं

वर्गातल्या भिंतीवर निळे शिंतोडे असायचे ते याच सवयीमुळे. झटकल्याने शाई निबपर्यंत येते, पण ती का येत नव्हती हे तसंच राहतं.

नवं पेन पहिल्याच दिवशी अडखळत असेल तर कारखान्यातलं तेल जिभेवर राहिलेलं असतं. भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकलेल्या कोमट पाण्यात निबचा भाग धुवा, साध्या पाण्याने खळबळून रात्रभर फडक्यावर निब खाली करून ठेवा. पेन चांगलं चालून मध्येच कोरडं पडत असेल तर कन्व्हर्टर बघा: शाई मागच्या टोकाला चिकटून बसलेली दिसेल, बोटाने टिचकी मारा. रोज सकाळी पहिलं अक्षर उमटत नसेल तर दोष टोपणाचा. मुलांच्या घशात अडकलं तर श्वास चालू राहावा म्हणून बऱ्याच टोपणांना वर भोक असतं. आत दुसरं छोटं टोपण असेल तर चालतं, नसेल तर निब उघड्यावरच आहे असं समजा. प्लॅटिनमच्या प्रेपीसारख्या स्वस्त पेनातही हे आतलं टोपण स्प्रिंगवर बसवलेलं असतं.

निब कागद ओरबाडत असेल तर भिंगातून समोरून बघा. दोन दात एका पातळीत नसतील तर वर आलेला दात नखाने हलकेच खाली दाबा, पुन्हा बघा. घाई नको. फटीत ब्लेड घालणं आणि निब काचेवर किंवा फरशीवर घासणं ही जुनी औषधं आहेत, पण त्यांनी टोकावरचा कठीण दाणाच झिजतो आणि मग नवी निब घेण्यावाचून गत्यंतर नसतं.

शाई म्हणून मिळेल ते भरणं

ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई शाईपेनात कधीही नको. तिच्यात लाखेसारखे पदार्थ असतात, ते जिभेच्या चिरांत वाळले की निघत नाहीत. शिक्क्याची शाई, जेल रिफिलमधली शाई, सगळं वर्ज्य. दोन कंपन्यांच्या शाया पेनात एकत्र करू नका. करायच्याच तर आधी वाटीत मिसळून दोन दिवस ठेवा आणि तळाशी गाळ बसतो का बघा.

आपल्याकडे बाटलीलाही बुरशी धरते. शाईवर तवंग, जेलीसारखे धागे किंवा कुबट वास आला की ती बाटली गाळून वापरायच्या भानगडीत पडू नका, ओतून द्या. पेनातली उरलेली शाई परत बाटलीत सोडायची नाही, शाई पातळ करायला विहिरीचं पाणी घालायचं नाही. किनाऱ्याजवळच्या गावात विहीर मचूळ असेल तर त्या पाण्याने पेन धुणंही टाळा; मिठाने निब आणि क्लिपवर डाग पडतात. शेवटची खळबळ फिल्टरच्या किंवा बॅटरीत घालतात त्या पाण्याची असावी.

चाकरमान्यांसाठी एक वेगळी सूचना. गणपतीला गावी आलात, जमाखर्चाच्या वहीसाठी घरचं पेन भरलंत आणि विसर्जनानंतर ते तसंच फडताळात ठेवून मुंबईला गेलात, तर शिमग्याला ते उघडणार नाही. निघण्याआधी शाई काढा, पेन धुवा, टोपण न लावता वाळवून मग ठेवा. आटे शाईने जाम झालेच असतील तर पक्कड लावू नका, स्वस्त प्लास्टिक लगेच तडकतं. कोमट पाण्यात तासभर बुडवा, सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन्ही बाजूंना धरून पीळ द्या. नाही सुटलं तर पुन्हा बुडवा. पाणी गरम मात्र नको, उकळत्या पाण्यात नळी वाकडी होते आणि आटे कायमचे बिघडतात.